यांचं होऊ द्या

१

सोलापूरकडून येताना जळकोट ओलांडलं की उजव्या हाताला आमचं जहाज दिसतं. हसू नका. खरंच जहाज आहे. सिमेंटचं, पांढरं, निळ्या पट्ट्याचं, गोल खिडक्यांचं, वर एक न वाजणारा भोंगा. नाक हायवेकडे म्हणजे उत्तरेला, शेपूट आमच्या तुरीच्या रानाकडे म्हणजे दक्षिणेला. पाटीवर ‘हॉटेल सागरमाया’ असं लिहिलंय, पण त्या नावानं विचारलंत तर गावात कुणाला सांगता यायचं नाही. सगळे जहाजच म्हणतात. ज्या भागात उन्हाळ्यात टँकरच्या मागे घागरी घेऊन पळतात तिथं जहाज बांधणारा माणूस माझा नवरा आहे, गुरुप्रसाद.

त्यानं परदेशी प्रवासी बोटीवर बरीच वर्षं काढली. ताटं विसळण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी जेवणाच्या हॉलमध्ये कुणी कुठं बसायचं हे ठरवणारा माणूस झाला. तिथं त्याला फार मान होता, असं तो सांगतो. मी काही पाहायला गेले नव्हते. त्या वर्षांत मी गावातल्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि घरी सासूबाईंबरोबर राहत होते. कमलबाई त्यांचं नाव. मी त्यांना आत्या म्हणते. सासरे आधीच गेलेले, नवरा समुद्रावर, त्यामुळे आम्ही दोघी आणि एक चूल. रोज संध्याकाळी समोरासमोर बसून जेवायचो.

आत्यांचं जेवण हा बघण्याचा प्रकार असतो. दात मोजकेच राहिलेत. भाकरीचा कडक काठ त्या आधी गोल मोडून काढतात आणि ताटाच्या उजव्या अंगाला बांगडीसारखा मांडून ठेवतात, गाईसाठी. मग मधला मऊ भाग आमटीत चुरून, घास घास, बोलत बोलत, पुन्हा घास. हातावर तुळस गोंदलेली आहे, तिचं एक पान पुसट झालंय. जेवताना ती तुळस सावकाश खालीवर होत राहते. लग्नाकार्यात आत्या पंगतीला बसल्या की लोक धसका घ्यायचे, कारण आमच्याकडे पंगतीतल्या शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी उठत नाही आणि शेवटचं माणूस म्हणजे आत्याच. लोकांचे हात वाळायचे. आत्या मात्र हसून म्हणायच्या, ‘‘बसा की जरा, काय आग लागलीय व्हय घराला?’’

सांगूनच टाकते. नवऱ्यावर आहे त्याहून माझा जीव या बाईवर जास्त आहे. हे त्यालाही माहीत आहे.

२

बोटीवर जेवायला बसण्याचं एक शास्त्रच असतं म्हणे. गुरुप्रसादनं ते सगळं सिमेंटच्या जहाजात आणलं. संध्याकाळी दोन बैठका, पहिली लवकरची आणि दुसरी उशिराची. पहिली उठली की टेबलं आवरून दुसरी बसवायची. ज्याला नेहमीची जागा हवी त्याला तीच खुर्ची, तेच टेबल, तोच वाढपी. ज्याला नको त्याला मोकळी बैठक. स्वयंपाकघराजवळचं कोपऱ्यातलं मोठं टेबल कॅप्टनचं. आणि पाहुणा आला की त्याची खुर्ची मागे ओढून धरायची.

आत्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘म्हंजे पंगतीच की रं. त्यासाठनं एवढ्या लांब कशाला गेलतास?’’

पण घोटाळा झालाच. हॉल लांबट, टेबलांच्या दोन रांगा, आणि प्रत्येक टेबलाच्या दोन खुर्च्या नाकाकडे तोंड करून, दोन शेपटाकडे. म्हणजे अर्ध्या खुर्च्यांचं तोंड दक्षिणेला. आमच्याकडे दक्षिणेला तोंड करून जेवत नाहीत. आई किंवा बाप हयात असताना तर नाहीच नाही, ते त्यांच्या जिवावर येतं म्हणतात. तिकडे तोंड करून पान वाढतात ते गेलेल्या माणसांना. लोक आत यायचे, जहाज बघून खूश व्हायचे, मग एकदा खिडकीतून ऊन कुठून येतंय ते बघायचे आणि सगळे एकाच बाजूला कोंबून बसायचे. नवराबायको एसटीत बसल्यासारखे शेजारी शेजारी, मांडीवर पोरं, आणि समोरच्या दोन खुर्च्या रिकाम्या.

‘‘जहाजाला दिशा नसते,’’ गुरुप्रसाद त्यांना समजावायचा. ‘‘ते वळत राहतं. आज खुर्ची पूर्वेला तर उद्या दक्षिणेला. कोण बघतं?’’

‘‘तुमचं कुठं वळायलंय?’’ एका गिऱ्हाइकानं विचारलं, आणि हॉलभर हशा पिकला.

तरी त्यानं एक गोष्ट सोडली नाही. बोटीवर प्रत्येक खुर्चीपुढं ताट मांडलेलं असतं. उलटं घातलेलं नव्हे, सरळ. बाजूला पाण्यानं भरलेला पेला, आणि होडीच्या आकारात घडी घातलेला रुमाल. पाहुणा आला नाही तरी चालेल, त्याची जागा मांडलेलीच पाहिजे. प्रवास संपेपर्यंत ती जागा त्याची. तेव्हा रिकाम्या खुर्च्यांपुढेही रोज ताटं मांडायची, आणि मांडायचं काम माझं.

आत्या रविवारी हॉटेलात येऊन भाकऱ्यांवर नजर ठेवायच्या. त्यांनी ती मांडामांड बघितली आणि माझा हात धरला. ‘‘राजू, तिकडच्या अंगाला नको मांडूस. बसणार कुणी न्हाय तर कुणासाठी मांडायलीस?’’

‘‘तुमच्या लेकाला विचारा, आत्या.’’

‘‘त्याला काय कळतंय? मांडलं म्हंजे बोलावलं, बाई.’’

मी हसले आणि पुढच्या रुमालाची घडी घातली.

३

दिवाळीनंतरची थंडी होती. दुपारची जेवणं आटोपून संध्याकाळची तयारी करताना माझ्या लक्षात आलं की दक्षिणेकडे तोंड असलेल्या खुर्च्यांपुढचे पेले अर्धे झालेत. समोरचे, ज्यांच्यातून माणसांनी पाणी प्यायलं होतं, ते मी पुन्हा भरले होते. हे पेले कुणी उचललेलेच नव्हते.

शिक्षिकेच्या मनात पहिला विचार येतो तोच आला, बाष्पीभवन. पण थंडीत, बंद खिडक्यांच्या हॉलमध्ये एका दुपारात अर्धा पेला पाणी उडत नाही, हे मी सातवीच्या पोरांना शिकवलेलं आहे. मग वाढप्यांवर संशय घेतला. आळशी कुठले, भरत असतील अर्धेच. मी स्वतः काठोकाठ भरायला लागले. ते तरीही अर्धे व्हायचे. काही रुमालांच्या घड्या उलगडलेल्या असायच्या. आमचा आचारी वीरप्पा पलीकडचा, आळंदच्या बाजूचा. तो एक दिवस म्हणाला, ‘‘अक्का, भाकऱ्या पुरंनात. गिऱ्हाईक तेवढंच, भाकरी कमी.’’ मी त्यालाही झापलं.

मग एका दुपारी हॉल बंद होता आणि मी स्वयंपाकघरात एकटीच बसून डाळ निवडत होते. वीरप्पा मागे रानात झोपला होता. हॉलमधून जेवणाचा आवाज आला.

भांड्यांचा नव्हे. जेवणाचा. भाकरी चुरल्याचा, भुरक्यांचा, पेला टेबलावर टेकवल्याचा, बऱ्याच माणसांचा एकत्र. बोलणं मात्र नव्हतं. भुकेलेली पंगत सुरुवातीला कशी बोलत नाही, तसं. मी घाबरले नाही, उलट चिडले. कुणीतरी मागल्या दारानं शिरून फुकट जेवतंय असं वाटलं. उठून दार ढकललं.

हॉल रिकामा. आवाज तुटला होता, मास्तरीण वर्गात आल्यावर पोरं गप्प होतात तसा. दक्षिणेकडे तोंड असलेल्या सगळ्या खुर्च्या टेबलापासून थोड्या मागे सरकलेल्या होत्या. माणसाच्या पोटाला लागते तेवढीच जागा सोडून. आणि त्या बाजूच्या खुर्च्यांचं तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे असतं हे मला तोपर्यंत कधी जाणवलं नव्हतं. म्हणजे माझ्याकडे.

मी एकेक खुर्ची आत सरकवली.

४

लोहाऱ्याचे बालाजी मास्तर आणि त्यांची बायको दर रविवारी यायचे. त्यांची खिडकीजवळची जागा ठरलेली. मास्तर रिटायर झालेले, तर्कट, कुणाच्या बापाला न भिणारे. त्या रविवारी त्यांची ताटं स्वच्छ झाली होती तरी दोघं बसूनच होते. मास्तरांचा उजवा हात ताटावर तसाच, बोटांवर आमटी वाळलेली.

‘‘मास्तर, गरम पाणी ठेवलंय हात धुवायला,’’ मी म्हटलं.

‘‘व्हय, उठतो की,’’ ते सहज म्हणाले आणि हनुवटीनं समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे दाखवलं. ‘‘यांचं होऊ द्या.’’

बायकोनंही मान हलवली. पंगतीत शेजारच्या म्हाताऱ्यासाठी थांबावं तसं दोघं थांबले होते.

‘‘कुणाचं?’’ मी विचारलं.

मास्तरांनी समोर बघितलं. मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला आणि मग ते मोठ्यानं हसले. ‘‘सवय, बाई, सवय,’’ म्हणाले, आणि हात न धुताच उठून गाडीकडे गेले. बडीशेपसुद्धा घेतली नाही.

मी हॉलकडे वळून पाहिलं. टेबलाटेबलाला माणसं जेवून बसली होती. हात वाळलेले, नजर खाली, कुणी मोबाइल बघत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. सगळे कुणाची तरी वाट बघत होते आणि त्यांना ते माहीत नव्हतं. मी प्रत्येक टेबलापाशी जाऊन ‘काही हवं का’ असं मोठ्यानं विचारत गेले, आणि झोपेतून उठावं तसे ते उठत गेले. त्यांच्यापैकी बरेचजण पुन्हा आले नाहीत.

रात्री गुरुप्रसादला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘गावंढळ लोक. त्यांची भीती मोडली पाहिजे.’’

५

त्यानं ती अशी मोडली. पुढच्या रविवारी भर दुपारी, हॉलमध्ये होती तेवढी गिऱ्हाइकं जेवत असताना, तो कॅप्टनच्या टेबलाशी गेला. दक्षिणेकडे तोंड असलेली खुर्ची पाहुण्यासाठी ओढावी तशी थाटात मागे ओढली आणि स्वतःच तीवर बसला. ‘‘वीरप्पा, वाढ,’’ म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, ‘‘बघा मंडळी. मालक स्वतः जेवतोय. काही होत नाही.’’

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. तो बसला तो नेमका त्यांच्याकडे तोंड करून. मायलेकांची नजरानजर झाली.

‘‘गुरू,’’ आत्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. ‘‘तुझा बाप गेला. पर मी हाय ना रं अजून?’’

‘‘माय, जहाजाला दिशा नसते,’’ तो हसून म्हणाला आणि त्यानं घास घेतला.

मला वाटलं आत्या ओरडतील, ताट उधळतील. तसं काही झालं नाही. त्या उंबऱ्यावर बसल्या, पदर मांडीवर ओढून घेतला. ‘‘आता अर्ध्यावर उठू नको,’’ म्हणाल्या. ‘‘बसलास ते बसलास. पुरतं जेव.’’

तो जेवला. त्याच्या कपाळावर घाम आला होता, पण जेवला. दोन-चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या बाजूला बसायला मात्र कुणी उठलं नाही.

संध्याकाळी घरी मी आमच्या दोघींची ताटं घेतली. आत्यांनी मान हलवली.

‘‘मी जेवले, राजू.’’

‘‘कधी? सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या.’’

‘‘जेवले की. तिकडं.’’

६

त्या दिवसापासून आत्यांनी घरात अन्नाला हात लावला नाही. रुसवा नव्हता तो. रुसवा असता तर मी चार तासांत काढला असता, मला सगळ्या खोडी ठाऊक आहेत. त्यांना भूकच नव्हती. दुपार झाली की खाटेवर बसून राहायच्या, तोंड सावकाश हलत असायचं, आणि मध्येच पदरानं ओठ पुसायच्या. अंग मात्र झडत गेलं. सोलापूरला दाखवलं, तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, बाकी काही नाही. मी पेज घेऊन तासन्‌तास बसायचे. त्या माझ्या गालावरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, ‘‘किती जीव काढतीस गं. पोट भरलंय माझं.’’

मी विज्ञान शिकवलंय. माणूस न खाता किती दिवस राहतो हे मला माहीत होतं, आणि ते दिवस उलटून गेले होते.

मग एका दुपारी हॉल आवरताना कॅप्टनच्या टेबलापाशी आले. गुरुप्रसाद ज्या खुर्चीवर बसला होता तिच्यापुढचं ताट मी सकाळी कोरडं, रिकामं मांडलं होतं. आता त्याला आमटीचा ओघळ होता. आणि ताटाच्या उजव्या अंगाला, गोल, बांगडीसारखा, भाकरीचा मोडलेला काठ ठेवलेला होता.

मी तिथंच खाली बसले. घरी फोन केला. शेजारची मल्लम्मा आत्यांजवळ असायची, तिनं उचलला. ‘‘इथंच हायत की,’’ ती म्हणाली. ‘‘खाटेवरनं हलल्या न्हाईत. आत्ताच म्हनाल्या, गाईला काठ ठिवलाय म्हनून.’’

त्या रात्री मी नवऱ्यावर ओरडले, आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच. तो ऐकून घेत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून दक्षिणेकडे तोंड असलेल्या सगळ्या खुर्च्या उचलल्या आणि मागच्या गोडाऊनमध्ये टाकून कुलूप लावलं. कॅप्टनच्या टेबलाची खुर्ची शेवटची. ती उचलताना गुरुप्रसाद म्हणाला, ‘‘जड झालीय.’’ मी त्याच्याकडे बघितलं नाही.

७

गोडाऊनची किल्ली अजून हातात होती तेव्हा मल्लम्माचा फोन आला.

घरी पोचलो तर आत्या खाटेवर ताठ बसल्या होत्या. डोळे फाटलेले, उजवा हात घास धरल्यासारखा छातीशी आखडलेला. ‘‘कुणी उठवलं?’’ त्या ओरडत होत्या. ‘‘ताटावरनं कुणी उठवलं मला? भरल्या ताटावरनं माणसाला उठवत्यात व्हय?’’

‘‘माय, इथं कुणी नाही उठवलं तुला,’’ गुरुप्रसाद म्हणाला.

त्यांना तो दिसतच नव्हता. दिवसभर त्या भुकेनं कळवळत होत्या. इतके दिवस नसलेली सगळी भूक एकदम आली होती, आणि मी घास ओठाशी नेला की दातखीळ बसायची. पाण्याचा थेंब आत जाईना. पन्नाशीचा माझा नवरा आईच्या पायाशी बसून पोरासारखा रडत होता, आणि मला त्याची दया आली नाही. डॉक्टर येऊन सलाइन लावून गेले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, नातेवाइकांना कळवून ठेवा.

दिवस मावळायच्या आत मी एकटी हॉटेलात गेले आणि खुर्च्या परत मांडल्या. एकेक ओढत आणली. प्रत्येकीपुढं ताट, पेला, रुमाल. शेवटी कॅप्टनच्या टेबलाची. मग स्वयंपाकघरात जाऊन एक भाकरी थापली, गरम गरम आणून त्या ताटात वाढली, वर आमटी घातली, आणि त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाले, ‘‘जेवा आत्या. सावकाश.’’

घरी परत आले तेव्हा आत्यांचा आखडलेला हात मोकळा झाला होता. त्या झोपल्या होत्या, तोंड हळूहळू हलत होतं.

८

त्यानंतर मी रोज वाढायला लागले.

गिऱ्हाईक जवळजवळ तुटलं होतं, वाढपी सोडून गेले होते, वीरप्पा तेवढा राहिला. चार वाजले की मी त्याला रानात पाठवायचे आणि त्या एका ताटात वाढायचे. भाकरी, आमटी, कधी मेथी, कधी दही. दार लोटून स्वयंपाकघरात बसायचे. पलीकडून आवाज यायचे. परत गेलं की काठ गोल मांडलेला असायचा, आणि तो मी पदरात घेऊन गाईला घालायचे.

आणि आत्या सुधारल्या. खरं सांगते. गालावर रंग आला, उन्हात येऊन बसायला लागल्या, मल्लम्माच्या सुनांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायला लागल्या. घरात अजूनही काही खात नव्हत्या, पण मला त्याचं काही वाटेनासं झालं. मला हिशेब समजला होता. पंगतीतल्या शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी उठत नाही. आत्यांचं शेवटी होतं. ताटात जोवर आहे तोवर त्यांचं होणार नाही. मग मी ताट रिकामं का होऊ देऊ? वाढत राहीन. वर्षानुवर्षं वाढेन. इतका आनंद मला कधी झाला नव्हता, आणि त्या आनंदाला कसला तरी वास येतो आहे हेही मला कळत होतं.

चैत्र लागला तेव्हा आत्या म्हणाल्या, ‘‘राजू, पुरं कर आता.’’

‘‘काय पुरं करू?’’

‘‘किती वाढतीस गं? एक संपंना तवर दुसरी. लोक खोळंबलेत माझ्यापायी.’’

‘‘कोण लोक, आत्या?’’

मी काही अचकट बोलल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘‘पंगतीत कोण कोण हाय ते बघत बसायचं नसतं. आपल्या ताटाकडं बघायचं.’’ मग जरा थांबून, ‘‘हात वाळलेत बिचाऱ्यांचे. अन्‌ माझ्यामुळं दुसरी पंगत भाईर ताटकळलीय.’’

‘‘ताटकळू द्या,’’ मी म्हटलं. ‘‘तुम्ही म्हणायच्या ना, घराला काय आग लागलीय?’’

त्या हसल्या. पण माझा हात धरून ठेवला. ‘‘तू लई केलंस माझं. लेकीनं केलं नसतं एवढं केलंस. आता पोट भरलं, बाई.’’

मी हात सोडवून घेतला आणि हॉटेलात गेले. वाढायची वेळ झाली होती.

९

त्या दिवशी गुरुप्रसाद घरी होता, आईजवळ. हॉलमध्ये उन्हाचे गोल तुकडे पडले होते, गोल खिडक्यांचे. वीरप्पा रानात गेला होता. मी भाकरी घेऊन कॅप्टनच्या टेबलाशी आले. ताटात कालचा काठ उचलायचा राहिला होता, गोल, आणि मधोमध काही नव्हतं. स्वच्छ पुसलेलं होतं.

मी वाकले. भाकरी ताटावर नेली.

ताटावर एक हात होता.

पालथा, आडवा, पंजा पसरलेला. पंगतीत ‘पुरे’ म्हणायला ताटावर धरतात तसा. सुरकुतलेली कातडी, नखाशी अडकलेलं पीठ, आणि त्यावर गोंदलेली तुळस, एक पान पुसट. मनगटाच्या पुढं मी बघितलं नाही. आपल्या ताटाकडं बघायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

‘‘चतकोर घ्या,’’ मी म्हटलं. ‘‘आत्या, चतकोर. माझ्यासाठी.’’

हात हलला नाही. आग्रह करायला मी कमी पडले नाही. शपथ घातली, रडले, भाकरीचा तुकडा बोटांच्या फटीतून सारायचा प्रयत्न केला. बोटं गार नव्हती. ऊबदार होती, नुकतं जेवून उठणाऱ्या माणसाची असतात तशी. मग तो हात ताटावरून उचलला गेला, माझ्या गालावरून एकदा फिरला. गालाला आमटी लागली.

आणि हॉलभर खुर्च्या मागे सरकल्या. सगळ्या, एकदम. मी डोळे गच्च मिटून घेतले. माझ्या दोन्ही बाजूंनी कुणी कुणी जात राहिलं, घाई न करता, शेपटाकडच्या दारानं, रानाकडे. शेवटी एक पाऊल जरा ओढत गेलं. ते पाऊल मला ओळखता आलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. फोन वाजत होता. गुरुप्रसाद होता. ‘‘राजू,’’ तो म्हणाला. ‘‘मायनं आत्ता… हात धुवायला पाणी आण म्हणाली, मी तांब्या आणेपर्यंत…’’

मला त्याला काहीतरी म्हणायचं होतं. येते म्हणायचं होतं. भाकरी अजून माझ्या हातात होती. पण रानाकडच्या दारातून वारा आत आला, आणि हायवेकडच्या टोकाला एक खुर्ची सरकली. या वेळी आत, टेबलाकडे. मग तिच्या शेजारची. मग पुढची. एकेक करत आवाज माझ्या दिशेनं येत राहिला. बसायची घाई झाली होती त्यांना. फार वेळ उभे होते ते.

माझ्यापाशी येऊन आवाज थांबला. आत्यांची खुर्ची तेवढी उरली होती. ती आत सरकली नाही. थोडी मागे आली, माझ्या बाजूला वळली, आणि तशीच राहिली, गुरुप्रसाद पाहुण्यासाठी ओढून धरतो तशी.

फोनमध्ये तो माझं नाव घेत होता. परंड्याला माझी आई आहे अजून, तिला कळवायला हवं, असं माझ्या मनात आलं. आणि मला भूक लागली.